घरी बसून एम.ए. तत्त्वज्ञान : इग्नूचा अभ्यास आतून कसा चालतो

तत्त्वज्ञानात एम.ए. करायला आधी तत्त्वज्ञानात बी.ए. झालेले असावे लागत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे सगळे ज्याला इग्नू म्हणतात तिथे, कोणत्याही शाखेचा पदवीधर या अभ्यासक्रमाला बसू शकतो. वयाची अट नाही. त्यामुळे अर्ज भरणाऱ्यांत तऱ्हेतऱ्हेची माणसे असतात. बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, वर्षानुवर्षे ज्ञानेश्वरीचे पारायण केलेल्या आणि आता ‘हे मुळातून समजून घ्यायचंय’ म्हणणाऱ्या काकू असतात, इंजिनिअरिंग करून विटलेली मुले असतात आणि यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेतलेले विद्यार्थी तर असतातच. या सगळ्यांची समजूत सारखीच असते की विषय अवघड, बाकी सोपे. घडते उलटे. विषय वाचून समजतो; माणूस अडतो तो लिहायला बसल्यावर. हा अभ्यासक्रम वरवर पाहता वाचनाचा आहे, पण तो मुळात आपल्याला न पटणारी बाजू नीट मांडायला शिकवतो. हे ज्याच्या लवकर लक्षात येते त्याची दोन वर्षे सुखाची जातात.

दूरशिक्षणाला आपल्याकडे अजूनही ‘बाहेरून बसणे’ म्हणतात आणि म्हणताना किंचित नाक मुरडले जाते. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून वर्गात न येणाऱ्यांना पदव्या द्यायला सुरुवात केली. वर्गाविना शिकवण्याचे स्वतंत्र तंत्र मात्र १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने घडवले. भारतात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला झाले, १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इग्नू आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मान्यतेचा प्रश्न तर आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि २०२२ पासून एक नियमित व एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे. कोणत्याही विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम घेताना तो आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे ना, एवढे मात्र स्वतः पाहावे. दलालाच्या तोंडी खात्रीवर राहू नये.

प्रवेश झाला की हाती येतात ते ‘ब्लॉक’. एका पेपरचे काही ब्लॉक, एका ब्लॉकमध्ये चार-पाच युनिट. छापील संच यायला वेळ लागतो, पण तेच साहित्य ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळते. युनिटची रचना ठरलेली असते. आरंभी उद्दिष्टे, मग प्रस्तावना, मुख्य भाग, मधूनमधून ‘आपली प्रगती तपासा’ असे प्रश्न आणि त्याखाली मोकळ्या ओळी, शेवटी सारांश, महत्त्वाचे शब्द आणि पुढील वाचन. बहुतेक जण त्या मोकळ्या ओळी ओलांडून पुढे जातात आणि तिथेच पहिले नुकसान होते. वर्गात शिक्षक मध्येच थांबून ‘काय रे, कळलं का?’ विचारतात. दूरशिक्षणात ते विचारणे या ओळींवर सोपवलेले आहे. पेन्सिलीने का होईना, त्या भरल्या नाहीत तर युनिट वाचून झाल्याचे समाधान मिळते आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

वेळेचे गणितही आधीच मांडून ठेवावे. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे चार क्रेडिटच्या एका पेपरला १२० तास. रोज एक तास दिला तर चार महिने. वर्षाला असे अनेक पेपर असतात. नोकरी सांभाळणाऱ्याने हा हिशेब पाहून घाबरण्याचे कारण नाही. अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा असला तरी तो पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुभा आहे, आणि परीक्षा जून व डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. पहिल्या वर्षाचा निकाल लागायची वाट न पाहता दुसऱ्या वर्षाची नोंदणी करता येते. किंबहुना मुदतीत करावीच लागते, नाहीतर वेळ फुकट जातो. माझ्या मते नोकरदाराने सुरुवातीलाच तीन वर्षे मनात धरावीत. दोन वर्षांत उरकायचा हट्ट धरणारे दुसऱ्या वर्षी तयार उत्तरांच्या दुकानात सापडतात. त्या दुकानाबद्दल पुढे सांगतो.

आता विषयाकडे वळू. भारतीय तत्त्वज्ञानाचा पेपर मराठी वाचकाला ओळखीचा वाटतो, आणि तोच फसवतो. सांख्य, योग, वेदान्त ही नावे कानावरून गेलेली असतात. पण पेपर विचारतो ते प्रमाणांविषयी: ज्ञान खरे आहे हे ठरते कशावरून? चार्वाक प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानतात. बौद्ध आणि वैशेषिक प्रत्यक्षाबरोबर अनुमानही मानतात. सांख्यांची तीन, नैयायिकांची चार, प्राभाकर मीमांसकांची पाच, आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती यांची सहा. हा आकडा पाठ करून काही होत नाही. चार्वाक अनुमान नाकारतो तेव्हा तो नेमके काय म्हणतो, हे लिहिता यायला हवे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे सर्व काळातल्या सर्व धुरांबद्दल तुम्ही कसे सांगता? सगळे धूर पाहून आलात का? हा प्रश्न खरोखर बोचायला हवा. तो बोचला की नैयायिकाने दिलेल्या उत्तराचे मोल कळते.

चौदाव्या शतकात विजयनगरच्या परिसरात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, त्याची मांडणी इथे फार उपयोगी पडते. ग्रंथ चार्वाकापासून सुरू होतो आणि पुढचे दर्शन मागच्याचे खंडन करत येते. माधवाचार्य स्वतः वेदान्ती होते, तरी चार्वाकाची बाजू त्यांनी नीट मांडली. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ हरवले. आज त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांशी विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षातून, म्हणजे खंडन करण्याआधी मांडलेल्या समोरच्याच्या बाजूतून. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय ही परंपरेतली ठोस गोष्ट आहे, आणि चांगले गुण हवे असतील तर परीक्षेत तीच करायची आहे.

तर्कशास्त्राच्या पेपरबद्दल थोडक्यात सांगतो. न्यायाचे पंचावयवी वाक्य (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) आणि अॅरिस्टॉटलचे संविधान (सिलॉजिझम) वाचून समजते. सत्यता कोष्टके आणि चिन्हांचे तर्कशास्त्र वाचून समजत नाही, ते वहीत सोडवावे लागते. गणिताची भीती असणाऱ्याने हाच पेपर आधी हातात घ्यावा आणि रोज दोन उदाहरणे सोडवावीत. शेवटच्या महिन्यावर ठेवलेला हा पेपर हमखास राहतो.

नीतिशास्त्रावर मात्र जरा थांबतो, कारण अभ्यासक्रम कसा चालतो हे या पेपरात सर्वांत स्पष्ट दिसते. समजा प्रश्न असा आला: खोटे बोलणे कधी योग्य ठरू शकते का? कांटच्या संदर्भात चर्चा करा. बहुतेकांचे पहिले उत्तर प्रवचनाच्या वळणाने जाते. सत्य श्रेष्ठ आहे, पण कोणाचा जीव वाचत असेल तर खोटे चालते, आपल्या शास्त्रांनीही हेच सांगितले आहे, आणि उत्तर संपले. यात चूक काहीच नाही आणि गुणही जवळजवळ नाहीत, कारण कांट यात कुठे आलाच नाही.

पुन्हा लिहू. कांटने १७८५ च्या ग्रंथात विचारले होते की तुमच्या वागण्यामागचे तत्त्व सगळ्यांनी पाळायचा नियम होऊ शकते का. अडचणीत असलेल्या प्रत्येकाने पैसे परत करायचे खोटे वचन देऊन कर्ज घ्यायचे ठरवले, तर वचनावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि खोटे वचन देणेही अशक्य होईल. म्हणजे ते तत्त्व स्वतःलाच पोखरते. इथवर बहुतेकांना पटते. मग कांटचे सर्वांत अवघड जाणारे उदाहरण घ्यायचे. बेंजामिन कॉन्स्टन्ट या फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून १७९७ मध्ये कांटने एक छोटा निबंध लिहिला. मारेकरी दाराशी येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राविषयी विचारतो, तरी खोटे बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, असे तो म्हणतो. हे वाचून कोणीही चिडतो. पण परीक्षकाला तुमची चीड नको असते. कांट असे का म्हणतो ते हवे असते. त्याचा मुद्दा असा की परिणाम तुमच्या हाती नसतात. मित्र मागच्या दाराने आधीच निसटला असेल, तुम्ही ‘तो इथे नाही, बाहेर गेला’ असे खोटे सांगाल, मारेकरी बाहेर पडेल आणि मित्र त्याला रस्त्यातच भेटेल. आता जबाबदारी कोणाची? खरे बोललेल्यावर परिणामांचे ओझे येत नाही, खोटे बोललेल्यावर येते.

एवढे मांडले की मग विरोध उभा करायचा. उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ मिल म्हणतो की सत्य बोलण्याचा नियम मोलाचा आहे, कारण त्यावर समाजातला विश्वास टिकतो. पण म्हणूनच त्याला अपवादही असतात, आणि वाईट हेतूच्या माणसापासून माहिती लपवणे हा त्यांतला एक. इथे महाभारतातला कौशिक आणता येतो. कर्णपर्वात अर्जुन गांडिवाच्या प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघतो तेव्हा कृष्ण त्याला ही कथा सांगतो. सत्यव्रती कौशिकाने चोरांना खरा रस्ता दाखवला, लपलेली माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कांटच्या मारेकऱ्याचा आणि कौशिकाच्या चोरांचा प्रसंग जवळजवळ तोच आहे, निकाल मात्र उलटा. ही तुलना उत्तराला वजन देते, कारण दोन्ही बाजूंचा वाद एकाच जागी आहे. ‘आमच्याकडे हे आधीच सांगितले आहे’ असे लिहिणे ही तुलना नव्हे. शेवटी स्वतःचे मत, दोन-तीन वाक्यांत, कारणासह.

मराठीत हे काम कसे करायचे याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण आणि पुढचा सुखवादाचा भाग नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. टिळक मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांना नावाने समोर बोलावतात आणि त्यांचे म्हणणे सांगून मग वाद घालतात. त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, पद्धत शिकण्यासारखी आहे.

धर्माच्या पेपरात भाविक माणूस दचकतो. तिथे ‘देव आहे’ यावर श्रद्धा विचारत नाहीत, युक्तिवाद विचारतात. अकराव्या शतकातल्या अॅन्सेल्मचा, तेराव्या शतकातल्या थॉमस अॅक्वायनसचा, आणि त्यांना सुरुंग लावणारा ह्यूमचा, ज्याचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. आपल्याकडे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या बाजूने केलेली मांडणी याच तोलाची आहे: जे कार्य आहे त्याला कर्ता असतो, घडा कुंभाराशिवाय होत नाही, जगही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता हवा. आणि याला विरोध केवळ नास्तिकांचाच होता असे नाही. वेद शिरोधार्य मानणारे मीमांसकही जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. हे वाचून अनेकांना पहिल्यांदा कळते की आस्तिक आणि ईश्वरवादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनमध्ये धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र अशी तिन्हींची मिळून पदवी देणारी विद्यापीठे आहेत. तिथे युक्तिवादाच्या जोडीला धर्म प्रत्यक्ष पाळला कसा जातो हेही शिकवतात. निनियन स्मार्ट या अभ्यासकाने धर्माकडे पाहायला काही बाजू सुचवल्या: विधी, कथा, अनुभव, सिद्धान्त, नीती, सामाजिक रचना आणि वस्तुरूप. इग्नूचा विद्यार्थी हा सराव घरच्या घरी करू शकतो, वारी समोर ठेवून. रोजची चाल, रिंगण आणि एकादशी हा विधी. पुंडलिकाची वीट ही कथा. नामात हरवून जाणे हा अनुभव. अद्वैत असूनही भक्ती हा सिद्धान्त. माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य ही नीती. दिंड्यांचे क्रम आणि फड ही रचना. पालखी आणि पादुका या वस्तू. असे मांडले की ‘वारी म्हणजे समता’ हे वाक्य तपासता येते, कारण सिद्धान्त आणि रचना वेगवेगळ्या रकान्यांत पडतात. इरावती कर्वे यांनी स्वतः दिंडीबरोबर चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे चालतात, वेगळे जेवतात हे त्यांनी नोंदवले आणि त्याच लेखात वारीवरचे प्रेमही लपवले नाही. धर्माचा अभ्यास कसा करावा याचा मराठीत याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

ऐच्छिक पेपरांत गांधीविचार आणि श्रीअरविंदांचे तत्त्वज्ञान यांबरोबर आदिवासी व दलित तत्त्वज्ञानाचाही समावेश आहे. फुले, आंबेडकर ज्याने मुळातून वाचले आहेत त्याला हा शेवटचा पेपर जवळचा वाटेल.

आता गुणांचे. प्रत्येक पेपरच्या निकालात स्वाध्यायाचा, म्हणजे असाइनमेंटचा, वाटा ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेचा ७० टक्के. उत्तीर्ण व्हायला दोन्हींत ४० टक्के लागतात. असाइनमेंट दिल्याशिवाय परीक्षा देऊन उपयोग नाही, आणि प्रश्न त्या-त्या सत्राचे असतात. मागच्या सत्राचे लिहून चालत नाही. परीक्षेचा साचा साधारण असा: चारशे शब्दांची दोन उत्तरे, मग दोनशे-अडीचशेची दोन, दीडशेची चार आणि शंभर शब्दांच्या पाच टिपा. तीन तासांत एवढे हाताने लिहायचे. ज्यांनी कैक वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलेले नाही त्यांची बोटे दीड तासात दुखायला लागतात. म्हणून असाइनमेंट घड्याळ लावून लिहावी. ज्याला प्राध्यापक व्हायचे आहे त्याने हेही पाहावे की नेट परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी एम.ए.ला ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के लागतात. नुसते उत्तीर्ण होणे तिथे पुरत नाही.

तयार असाइनमेंट विकणारे जागोजागी आहेत आणि अलीकडे ते मोबाइलवरही सापडतात. नैतिक आक्षेप क्षणभर बाजूला ठेवू, जरी नीतिशास्त्राची असाइनमेंट विकत घेण्यात विनोद आहेच. खरे नुकसान निराळे आहे. या अभ्यासक्रमात तुमचे लिखाण परीक्षेआधी दुसऱ्या कोणी तपासावे अशी जागा ही एकच. ती विकत घेतली की परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही चारशे शब्दांचे उत्तर आयुष्यात पहिल्यांदा लिहिता.

भाषेची अडचण खरी आहे. साहित्य आणि परीक्षा इंग्रजी-हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्याने तरीही आधी मराठीत समजून घ्यावे. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी आता इंटरनेटवर मोफत आहेत. मे. पुं. रेगे यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ आणि दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ जुन्या ग्रंथालयांत मिळतात. त्यातून कल्पना पक्की झाली की इंग्रजी युनिट निम्म्या वेळात वाचून होते. यूपीएससीची तयारी करणाऱ्यांना तर याचा दुहेरी फायदा, कारण तिथे मुख्य परीक्षा मराठीतून देता येते.

अभ्यासकेंद्रावर शनिवार-रविवारी समुपदेशनाचे तास होतात. हजेरी सक्तीची नाही आणि तत्त्वज्ञानाला विद्यार्थी कमी असल्याने ते सगळीकडे होतातच असेही नाही. तास झाले तर जावे. झाले नाहीत तर एक सहाध्यायी शोधावा, शक्यतो आपल्याशी न पटणारा, आणि दर आठवड्याला एकमेकांची उत्तरे तपासावीत. पूर्वपक्ष कच्चा राहिला की असा माणूस लगेच बोट ठेवतो.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी होतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे इग्नूची प्रादेशिक केंद्रे आहेत. फी भरण्याआधी एक करा. ई-ज्ञानकोशावरून नीतिशास्त्राचा पहिला ब्लॉक उतरवून घ्या, एक युनिट वाचा आणि तुम्हाला अजिबात न पटणाऱ्या एखाद्या मताच्या बाजूने चारशे शब्द लिहा. लिहिताना मजा आली तर अर्ज भरा. आली नाही तर तेच ब्लॉक फुकट वाचत राहा, त्यासाठी प्रवेश घ्यावा लागत नाही.